रोज चावी मागणारे ऐंशी तासांचे घड्याळ: हॅमिल्टन खाकी फील्ड मेकॅनिकल

हॅमिल्टनच्या खाकी फील्ड मेकॅनिकल या मनगटी घड्याळाविषयी जे लिहिले जाते, त्यात त्याच्या लष्करी रूपाचे आणि एकदा चावी दिल्यावर ८० तास चालण्याच्या क्षमतेचे कौतुक भरपूर असते. घड्याळ घरी आल्यानंतर रोज जे करावे लागते, म्हणजे चावी देणे आणि अधूनमधून वेळ लावणे, त्याबद्दल मात्र दोन-तीन ओळींपलीकडे कोणी जात नाही. चावीच्या घड्याळाचे सुखदुःख बहुतांशी या दोन कृतींतच असते, म्हणून हे परीक्षण मी त्याच बाजूने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: घड्याळ उत्तम आहे, परंतु ८० तासांचा अर्थ ‘तीन दिवस चावी द्यायला नको’ असा जे घेतात, ते त्याच्या सर्वांत मोठ्या गुणाला मुकतात.

प्रथम घड्याळाची थोडक्यात ओळख. पोलादी, चमक न ठेवलेली ३८ मिलिमीटर व्यासाची केस (म्हणजे बाहेरचे कवच), २० मिलिमीटर रुंदीचा पट्टा, नीलमणी काच आणि ५० मीटरपर्यंतची जलरोधक क्षमता. तबकडीवर १ ते १२ हे आकडे ठळक आहेत आणि त्यांच्या आतल्या वर्तुळात १३ ते २४ हे लहान आकडे आहेत. तारीख नाही, वार नाही, तिसरी कोणतीही खिडकी नाही. हॅमिल्टन कंपनी १८९२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर येथे सुरू झाली. आज ती स्विस असून स्वॉच समूहाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने नागरी घड्याळे थांबवून आपले सारे उत्पादन सैन्याकडे वळवले होते. १९६० च्या दशकातील अमेरिकी सैनिकांच्या घड्याळांचे रूप घेऊन हे प्रारूप २०१८ मध्ये बाजारात आले. तेव्हा त्यात ईटीए या स्विस कंपनीची २८०१-२ ही यंत्रणा होती. नंतर तिच्या जागी एच-५० आली. जुनी यंत्रणा एकदा पूर्ण चावी दिल्यावर ४२ तासांच्या आसपास चाले, नवी ८० तास चालते. या बदलाचे मोल कळण्यासाठी आधी चावी देताना आत काय घडते ते पाहावे लागते.

गुंडी, म्हणजे केसच्या कडेला असलेली फिरवायची बारीक मूठ, पूर्ण आत असताना ती फिरवली की तिच्या दांड्यावरील लहान दातेरी चक्रे वरच्या दोन सपाट चक्रांना फिरवतात आणि त्यांपैकी दुसरे चक्र पिंपाच्या आसाला गुंडाळत नेते. पिंप म्हणजे ती गोल डबी, जिच्यात मुख्य स्प्रिंगची लांब पट्टी वेटोळे करून बसवलेली असते. गुंडाळलेले चक्र उलट फिरू नये म्हणून त्याच्या दातांत एक खिटी अडकत जाते. चावी देताना जो कटकट आवाज येतो तो प्रामुख्याने या खिटीचा. गुंडी उलट फिरवली तर दांड्यावरची तिरक्या दातांची दोन चक्रे एकमेकांवरून घसरतात आणि स्प्रिंगला काहीच होत नाही. म्हणूनच अंगठा आणि तर्जनी गुंडीवरून न उचलता पुढे-मागे, पुढे-मागे असे करत चावी देता येते, आणि या घड्याळाच्या बाबतीत ती तशीच द्यावी. पूर्वी खिशातल्या घड्याळांना वेगळी किल्ली असे. ती हरवे, तिच्या भोकातून धूळ आत जाई. आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळजींनी १८४० च्या दशकात गुंडीनेच चावी द्यायची आणि गुंडीनेच काटे फिरवायचे, अशी रचना सिद्ध केली. आज आपण जी सोय गृहीत धरतो तिच्या मुळाशी ते काम आहे.

खाकी फील्डची गुंडी या कामासाठी चांगली आहे. तिच्या कडेवरच्या खाचा बोटांना पकड देतात, पण टोचत नाहीत. आकार असा आहे की मनगट मागे वाकवल्यावर ती हाताच्या पाठीत रुतत नाही आणि चावी देताना निसटतही नाही. अनेक नाजूक, पातळ घड्याळांत गुंडी इतकी लहान आणि केसला इतकी चिकटून असते की नखांनीच चावी द्यावी लागते. रोजच्या कामासाठी अशी गुंडी केवळ शोभेची ठरते. येथे तसे नाही. चावीचा स्पर्श मऊ असून खिटीचे टप्पे बोटांना स्पष्ट जाणवतात, आणि पहिल्या काही वळणांनंतर हाताला त्यांची लय सापडते.

आता शेवटाविषयी. मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या स्वयंचलित घड्याळात स्प्रिंगचे बाहेरचे टोक पिंपाच्या भिंतीवर घसरू शकते, त्यामुळे कितीही चावी दिली तरी ती कोठे अडत नाही. हाताने चावी द्यायच्या घड्याळात हे टोक भिंतीला पक्के अडकवलेले असते. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की गुंडी थांबते. या थांबण्याची चाहूल आधी लागते: शेवटच्या काही वळणांत बोटांना विरोध वाढत जातो आणि मग गुंडी पुढे जात नाही. तेथे थांबायचे. वळणे मोजण्याची गरज नाही, कारण आदल्या दिवशी किती चावी शिल्लक होती यावर तो आकडा बदलतो. बोटांवर विसंबणे हाच खात्रीचा मार्ग आहे. एकच अडचण सांगितली पाहिजे. या घड्याळाची स्प्रिंग लांब असल्यामुळे विरोध फार हळूहळू वाढतो, आणि ज्यांनी आधी चावीचे घड्याळ वापरलेले नाही त्यांना पहिल्यांदा चावी देताना शेवट कोठे आहे ते कळेना, अशी स्थिती होऊ शकते. शेवटाजवळ वळणे लहान आणि सावकाश घेतली की हा संभ्रम राहत नाही.

‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडले’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पूर्ण चावी बसल्यावर घड्याळ बंद पडत नाही. पूर्ण चावी ही त्याची चालण्यासाठीची उत्तम अवस्था आहे. पूर्ण चावी असूनही एखादे घड्याळ चालत नसेल, तर बहुधा त्यातील तेल सुकलेले असते, कचरा अडकलेला असतो किंवा एखादा भाग दुखावलेला असतो, आणि दोष मात्र चावी देणाऱ्याच्या माथी मारला जातो. जुन्या काळी साध्या कार्बन पोलादाच्या स्प्रिंगा तुटत, हेही या समजाचे एक कारण असावे. आजच्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगा त्या मानाने कितीतरी टिकाऊ आहेत. अर्थात गुंडी थांबल्यावरही बळ लावत राहिले तर दाते, खिटी किंवा स्प्रिंगचे अडकवलेले टोक यांपैकी काहीतरी मोडणारच, आणि तो दोष घड्याळाचा नाही. पूर्ण चावी दिल्यानंतर गुंडी एकदम न सोडता बोटांत सैल धरून ठेवली तर ती किंचित मागे येते, असे काही घड्याळांत जाणवते. खिटी चक्राला थोडे मागे सरकू देते आणि स्प्रिंगचा टोकाचा ताण कमी होतो. तो कमी झाला नाही तर घड्याळाची गती ठरवणाऱ्या, पुढे-मागे झुलणाऱ्या बॅलन्स चक्राचा झोका मर्यादेबाहेर जाऊन घड्याळ काही काळ वेगाने धावू शकते.

येथून मी ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येतो. स्प्रिंगचा जोर पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सारखा नसतो. चावी उतरत जाते तसा जोर कमी होतो, बॅलन्स चक्राचा झोका लहान होतो, आणि मोठ्या व लहान झोक्याला लागणारा वेळ तत्त्वतः सारखा असायला हवा असला, तरी प्रत्यक्षात तो किंचित बदलतो. शेवटच्या काही तासांत तर जोर झपाट्याने घसरतो. घड्याळ चालू असते, पण त्याच्या वेळेवर विश्वास ठेवावा अशी त्याची स्थिती नसते. याचा हिशेब मांडून पाहू. ४२ तासांच्या घड्याळाला रोज ठरलेल्या वेळी चावी दिली तर दोन चाव्यांच्या दरम्यान त्याची निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५७ टक्के चावी उतरते. ८० तासांच्या घड्याळाला तशीच रोज चावी दिली तर केवळ ३० टक्के उतरते. म्हणजे हे घड्याळ सदैव भरलेल्या स्प्रिंगच्या वरच्या भागात चालत राहते, जोर फारसा बदलत नाही आणि आजची चाल कालच्या चालीसारखी राहते. लांब स्प्रिंगचा खरा लाभ हा आहे. जो तीन दिवसांनी चावी देतो तो याच घड्याळाला स्प्रिंगच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पळवतो, आणि मग ते पहिल्या दिवशी पुढे व तिसऱ्या दिवशी मागे जाते अशी तक्रार करतो.

सुटीच्या दिवसांत घड्याळ बाजूला पडले तरी ते बंद पडत नाही, ही सोय मी नाकारत नाही. शुक्रवारी रात्री ८ वाजता पूर्ण चावी देऊन ठेवलेले घड्याळ हिशेबाने मंगळवारच्या पहाटे ४ वाजेपर्यंत चालते, आणि सोमवारी सकाळी ते चालू स्थितीत हाती येते. प्रवास, आजारपण, दुसरे एखादे घड्याळ घालण्याचा मोह, या सर्वांसाठी ती शिल्लक फार उपयोगी आहे. ती राखीव म्हणून असावी, रोजच्या खर्चात धरू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे वाढीव तास फुकट मिळालेले नाहीत. जुन्या यंत्रणेत तासाला २८,८०० ठोके, म्हणजे बॅलन्स चक्राचे झोके, होते, एच-५० मध्ये २१,६०० आहेत. म्हणजे सेकंदाला आठऐवजी सहा. सेकंदकाट्याच्या सरकण्यात हा फरक डोळ्यांना दिसतो, तो थोडा अधिक टप्प्याटप्प्याने जातो. अधिक ठोक्यांचे घड्याळ मनगटाच्या धक्क्यांना तुलनेने कमी बधते, हा त्याच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. तरीही रोजची चावी आणि स्थिर जोर या बदल्यात मला हा सौदा मान्य आहे. सहा ठोक्यांचा आवाजही, घड्याळ कानाशी धरले असता, मला अधिक आवडतो.

चावी कोणत्या वेळी द्यावी? सकाळी दिली की दिवसभराची हालचाल भरलेल्या स्प्रिंगवर होते, आणि धक्के सोसायला मोठा झोका अधिक समर्थ असतो, म्हणून माझा कल सकाळकडे आहे. परंतु सकाळ की रात्र यापेक्षा रोज तीच वेळ असणे अधिक महत्त्वाचे. घड्याळ मनगटावर असताना चावी देऊ नये. मनगटावर गुंडी फिरवताना बोट ती नकळत वर किंवा खाली ओढते, बारीक दांड्यावर आडवा दाब येतो आणि कालांतराने दांडा व जलरोधक रबरी कडे झिजतात. हे घड्याळ कापडी एकसंध पट्ट्यासह घेतले असेल तर ते हातातून काढण्याचा आळस होतो, हे खरे, तरीही काढावे.

आता वेळ लावण्याकडे वळू. या घड्याळाची गुंडी एकाच टप्प्यात बाहेर येते. ती ओढली की आतली एक पट्टी दांड्यावरच्या सरकत्या चक्राला चावीच्या बाजूकडून काढून काट्यांच्या बाजूला नेते, आणि त्याच वेळी एक बारीक तरफ बॅलन्स चक्राच्या कडेला टेकून ते थांबवते. सेकंदकाटा जागच्या जागी उभा राहतो. सैनिकांना आपली घड्याळे एकाच क्षणाला जुळवता यावीत म्हणून ही सोय लष्करी घड्याळांत आग्रहाने मागितली जाई. सामान्य वापरातही तिचे मोल मोठे आहे, कारण तिच्याशिवाय घड्याळाची रोजची चूक मोजताच येत नाही.

क्रम असा ठेवावा. घड्याळ बंद असेल तर आधी पूर्ण चावी द्यावी. बंद घड्याळाचा सेकंदकाटा कोठेही थांबलेला असतो, आणि तो ६० वर आणायचा तर घड्याळ चालू हवे. काटा ६० वर पोहोचताच नखाने गुंडी सरळ रेषेत, झटका न देता बाहेर ओढावी. मग मिनिटकाटा खऱ्या वेळेच्या एक-दोन मिनिटे पुढच्या खुणेवर नेऊन ठेवावा, आणि तो नेमका खुणेच्या रेषेवरच असावा. सेकंदकाटा ६० वर आणि मिनिटकाटा दोन खुणांच्या मध्ये, अशा स्थितीत लावलेले घड्याळ दिवसभर एका मिनिटाचा संशय निर्माण करत राहते: दहा चौतीस की दहा पस्तीस? खाकी फील्डच्या तबकडीवर मिनिटांच्या खुणा स्वच्छ आणि काट्याच्या टोकाजवळ असल्यामुळे ही जुळवणी अगदी सोपी आहे, आणि नवशिक्या माणसाला हे घड्याळ सुचवण्याचे माझे ते एक मोठे कारण आहे. मोबाइलवरील किंवा रेडिओवरील वेळेचा ठोका पडताच गुंडी आत दाबावी. दाबताना मिनिटकाटा किंचित हलतो, कारण चक्रांच्या दातांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. दर वेळी काटा एकाच बाजूने खुणेवर आणला आणि शेवटचे सरकवणे अगदी हळू केले तर हे हलणे कमी होते. मिनिटभराने सेकंदकाटा पुन्हा ६० वर आला की मिनिटकाटा खुणेवर आहे ना, ते एकदा पाहून घ्यावे.

तारीख नसल्यामुळे एक मोठी काळजी टळते. तारखेच्या बहुतेक यांत्रिक घड्याळांत रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान तारीख बदलणारे दाते एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या वेळी गुंडीने तारीख पुढे ढकलली तर ते मोडण्याचा धोका असतो. येथे काटे केव्हाही, पुढे किंवा मागे, निर्धास्तपणे फिरवावेत. महिनाअखेर ३० की ३१ असा प्रश्नही नाही. आतल्या वर्तुळातील १३ ते २४ हे आकडे केवळ वाचनासाठी आहेत. तासकाटा बारा तासांतच फेरी पूर्ण करतो, दिवस की रात्र हे यंत्रणेला ठाऊक नसते. रेल्वेचे किंवा विमानाचे वेळापत्रक वाचताना मात्र ते आकडे फार कामाला येतात.

वेळ लावल्यानंतर लगेच दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावू नये. काही दिवस रोज ठरलेल्या वेळी चावी देत जावे आणि घड्याळ किती पुढे किंवा मागे जाते याची नोंद ठेवावी. रोज सात सेकंद पुढे जाणारे घड्याळ मला एक दिवस पाच सेकंद पुढे व दुसऱ्या दिवशी चार सेकंद मागे जाणाऱ्या घड्याळापेक्षा अधिक चांगले वाटते, कारण ठरावीक चूक कारागिराला दुरुस्त करता येते आणि अनियमित चूक बहुधा चावी देण्याच्या अनियमिततेतून किंवा आतल्या बिघाडातून येते. रात्री घड्याळ कसे ठेवले जाते यानेही फरक पडतो. तबकडी वर असताना आणि गुंडी खाली असताना बॅलन्स चक्राच्या आसाचे घर्षण वेगवेगळे असते, त्यामुळे दिवसा जमा झालेली चूक रात्रीच्या स्थितीने काही अंशी भरून काढता येते. हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. आणि घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर किंवा त्याहून अधिक पुढे पळू लागले, तर ते उघडण्याआधी चुंबकत्वाची शंका घ्यावी: ध्वनिवर्धक, लॅपटॉपचे झाकण, पिशवीचे चुंबकी बटण यांच्या सान्निध्याने बॅलन्स चक्राला झुलवणाऱ्या, केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटू शकतात. हे चुंबकत्व काढून टाकणे कारागिरासाठी क्षणाचे काम असते.

उणिवा आहेतच. चावी किती उरली ते दाखवणारी कोणतीही खूण तबकडीवर नाही. रोज चावी देणाऱ्याला तिची गरज भासत नाही. परंतु ८० तासांचे आश्वासन देऊन ते मोजण्याचे साधन न देणे मला अपुरे वाटते. मागचे झाकण बंद पोलादाचे आहे, त्यामुळे चावी देताना चक्र फिरताना पाहण्याचे सुख मिळत नाही. लष्करी परंपरेशी ते सुसंगत आहे, तरी ज्यांना ते सुख हवे आहे त्यांनी दुसरे घड्याळ पाहावे. गुंडी आट्यांनी बसणारी नाही, नुसती आत दाबायची आहे. वेळ लावून ती अर्धवट आत राहिली तर ५० मीटरचा आकडा निरर्थक ठरतो, म्हणून हात धुण्यापूर्वी तिच्यावर एकदा अंगठा दाबण्याची सवय लावावी. पट्टा अडकवण्याची टोके लांब असल्यामुळे ३८ मिलिमीटरच्या मानाने हे घड्याळ मनगटावर थोडे मोठे दिसते. बारीक मनगटाच्या माणसाने ते घालून पाहूनच ठरवावे.

ज्यांना घड्याळाकडे आठवडेच्या आठवडे लक्ष द्यायचे नाही, त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ हे अधिक अचूक आणि अधिक प्रामाणिक उत्तर आहे. त्यांनी केवळ रूपासाठी हे घेऊ नये. दोन-तीन घड्याळे आलटून-पालटून वापरणाऱ्यांना ८० तासांची शिल्लक उपयोगी पडेल, फक्त पुन्हा हाती घेताना पूर्ण चावी देऊन वेळ जुळवावी. आणि ज्यांना एकच घड्याळ घेऊन ते वर्षानुवर्षे रोज ठरलेल्या वेळी चावी देऊन वापरायचे आहे, त्यांना मी हे घड्याळ निःशंकपणे सुचवतो. चार-पाच वर्षांनी, किंवा झोका मंदावून चाल अनियमित झाल्याचे नोंदींत दिसू लागले की त्याआधीच, ते उघडून साफ करून नव्याने तेल घालून घ्यावे. चावी देताना नेहमीपेक्षा खरखर किंवा मध्येच अडखळणे जाणवले तर तेवढ्या मुदतीचीही वाट पाहू नये, आणि घड्याळ कारागिराकडे पोहोचेपर्यंत त्याला चावी देणे थांबवावे.